अँपिअरच्या काट्यातले आप्पासाहेब

सत्य कधी मरत नाही. आज ना उद्या, कोणत्या ना कोणत्या रूपानं ते प्रकट होतंच. लासुर्ण्याजवळच्या एका वस्तीवर ते एका जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डात प्रकट झालं आणि पहिल्याच संध्याकाळी धडधडीत खोटं बोललं.

ते ऐकायला निम्मी पंचक्रोशी लोटली होती. गोठ्याला लागून पत्र्याची शेड. शेडीत हिरव्या रंगाची, फुगीर गालांची विलायती मोटार. बॉनेटवर हळदकुंकू, वायपरला हार आणि दाराच्या मुठीला लिंबू-मिरची. लिंबू-मिरची ट्रकलाही बांधतात, पण ती ट्रक सुखरूप पुढं जावा म्हणून. ही मोटार जागची हलत नव्हती. तिच्यात हलत होता तो फक्त एक काटा, डॅशबोर्डावरच्या सगळ्यात लहान मीटरचा.

सूर्य उसाआड गेला. शेडीत अंधारू लागलं तसे डायलवरचे आकडे हिरवट उजळले. बायकांनी पदर तोंडाला लावले. अंथुर्ण्याहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली.

"बघा," सोपाननाथ महाराज हलक्या आवाजात म्हणाले, "दिवा न्हाय, बॅटरी न्हाय. तरी आप्पासाहेबांनी डोळं उघडलं."

गर्दीच्या मागं टाचा उंचावून उभ्या असलेल्या मोहनरावांना हे खटकलं. ते डोळे आप्पासाहेबांनी उघडले नव्हते. बारामतीच्या घरी खिडकीपाशी बसून, चार केसांच्या ब्रशानं, अंधारात चकाकणाऱ्या रंगानं मोहनरावांनी ते उघडले होते. तो रंग दिवसभर उजेड पितो आणि अंधार पडला की थोडा थोडा परत देतो. रंगाच्या डबीवरच तसं छापलेलं असतं.

मोहनराव पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. आता जुन्या मोटारींचे मीटर पुन्हा जिवंत करायचे, हा त्यांचा उद्योग. गंजलेलं पोट साफ करायचं, उडालेले आकडे मूळच्या वळणानं काढायचे, तडकलेली काच बदलायची. महाराष्ट्रात हे काम नीट करणारी दोनच माणसं आहेत असं ते सांगत, आणि दुसऱ्याचं नाव त्यांना आठवत नसे. आप्पासाहेबांनी हयात असताना मोठ्या हौसेनं आपल्या मोटारीचा सगळा डॅशबोर्ड त्यांच्याकडे दिला होता. काम पूर्ण झालं तेव्हा आप्पासाहेब राहिले नव्हते. मोहनरावांनी सुतक फिटल्यावर येऊन मीटर बसवले, चहा घेतला आणि ते परत गेले. त्यानंतर आठवड्याच्या आत त्यांच्या कारागिरीत मालक येऊन राहिले, अशी बातमी बारामतीला पोचली.

"आता आप्पासाहेब बोलणार," महाराज म्हणाले. त्यांनी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या, हात दुधानं धुतले आणि तळवे सगळ्यांना दाखवले. "माणसाच्या देहात बहात्तर हजार नाड्या. मोटारीत बी वायरी. जीव जाताना ज्याची जिच्यावर माया, तिच्या वायरीत शिरतो. हे विज्ञानानं बी मानलंय."

कोणत्या विज्ञानानं, ते कुणी विचारलं नाही. मोहनराव विचारणार होते, पण पुढं उभ्या असलेल्या माणसाचा फेटा फार मोठा होता.

जुन्या मोटारीत अँपिअर मीटर असतो. मधे शून्य, उजवीकडे अधिकची खूण, डावीकडे उणेची. बॅटरीत वीज भरत असली तर काटा उजवीकडे जातो, खर्च होत असली तर डावीकडे. मोटार बंद असली तर तो शून्यावर झोपतो. या साध्या गोष्टीचा महाराजांनी नवा अर्थ लावला होता. ज्याचं नाव घेतल्यावर काटा अधिककडे जाईल तो निर्मळ. ज्याच्या नावानं उणेकडे जाईल, त्यानं आप्पासाहेबांचा जीव घेतला.

जमलेले बहुतेक ऊसवाले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांचा जन्मात विश्वास बसलेला नाही. आपली गाडी काट्यावर चढली की ही माणसं वाकून चाकांखाली बघतात, कुणी कुठं काही टेकवलंय का म्हणून. तीच माणसं इथं एका बोटभर काट्याकडे श्वास रोखून बघत होती आणि वाकून बघावं असं एकाच्याही मनात येत नव्हतं.

"विजयसिंह." महाराजांनी आप्पासाहेबांच्या मुलाचं नाव घेतलं आणि भंडाऱ्याची पिवळी पिशवी मीटरसमोर ओवाळली.

काटा थरथरला. अधिककडे सरकला.

"निर्मळ. आता कौसल्याबाई."

आप्पासाहेबांच्या पत्नीनं डोळे घट्ट मिटले. काटा पुन्हा अधिककडे गेला.

"निर्मळ." महाराज थांबले. पिशवी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "सूनबाई. रेश्मा."

काटा क्षणभर मधे उभा राहिला. मग हळूहळू, कुणी कान धरून न्यावा तसा डावीकडे गेला आणि टोकाला जाऊन टेकला.  पलीकडे गोठ्यात एक गाय रवंथ करत होती, तेवढाच आवाज.

सगळ्यांच्या माना गोठ्याच्या दाराकडे वळल्या. तिथं रेश्मा उभी होती. तिच्या हातात दुधानं भरलेली किटली होती आणि ती तिनं खाली ठेवली नाही.

"मला वाटलंच हुतं," कौसल्याबाई कुणाकडे न बघता म्हणाल्या.

महाराजांनी निवाडा सांगितला तोही हलक्या आवाजातच. "अमावस्येला सांजच्याला पोरीला मोटारीत बसवा. काचा बंद. आत मिरच्यांची धुनी. काटा आपसूक अधिकवर येईस्तवर दार उघडायचं न्हाय."

"आन न्हाय आला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

महाराजांनी त्याच्याकडे दयाळूपणे पाहिलं. "तर मंग आप्पासाहेबांचं समाधान झालं, असं समजायचं."

मोहनरावांच्या अंगावर काटा आला. त्या मोटारीच्या दारांना नवी रबरं बसवायचा आग्रह त्यांनीच धरला होता, आत धूळ जाऊ नये म्हणून. रबरं चांगली होती. आता धूळच काय, हवाही आत जाणार नव्हती.

गर्दी पांगू लागली तसे ते पुढं गेले. "महाराज, मोटार बंद असताना हा काटा हलतोच कसा, एवढं मला..."

"मास्तर," महाराजांनी त्यांना नमस्कार केला, "तुमच्या हाताला गुण हाय. तुमी काटा बसवला म्हणून आप्पासाहेबांला वाट घावली. पन देवळातली मूर्ती पाथरवट घडवतो, म्हणून पाथरवटाला कुणी पुजारी करत न्हाय."

लोक हसले. कुणीतरी मोहनरावांच्या हातात नारळ ठेवला. खोटं कशाला सांगायचं, हाताला गुण आहे हे ऐकून त्यांना क्षणभर बरंही वाटलं.

मग त्यांनी सवयीनं आपल्या मीटरकडे नजर टाकली. महाराज लांब गेले होते, जवळ कुणी नव्हतं, आणि काटा शून्यावर नव्हता. केसभर डावीकडे कलला होता. मोहनरावांना तो अपमान वाटला. त्यांच्या हातून गेलेला काटा शून्यापासून ढळत नसे. एक बाई धुरात कोंडली जाणार होती, आणि त्या क्षणी त्यांना जास्त लागलं ते काट्याचं. माणूस अजब प्राणी आहे, शिकलेला असला तरी.

पण त्या रागातूनच त्यांना पुढची बुद्धी झाली. ते मोठ्यानं, चार भक्तांना ऐकू जाईल असं म्हणाले, "महाराज, एवढा थोर आत्मा आत शिरला म्हटल्यावर बेअरिंगवर ताण येणारच. अमावस्येआधी मीटरचं तेलपाणी केलं पाहिजे. नाहीतर ऐन वेळी आप्पासाहेब अर्ध्यात अडकतील."

भक्त काळजीत पडले. महाराजांच्या मनातून मीटर द्यायचा नव्हता, पण आप्पासाहेबांनी अडकून पडावं असं त्यांना चारचौघांत म्हणता येईना.

मीटर काढून पिशवीत घालून मोहनराव निघाले, तेव्हा रेश्मा गोठ्याबाहेर किटल्या विसळत होती. डेअरीचा डिप्लोमा करून या घरात आलेली मुलगी. गोठा सगळा तिच्या हाताखाली.

"सर, त्या मीटरमध्ये खरंच काही हाय का?"

"तांब्याची तार आहे, लोखंडाची पट्टी आहे आणि माझी मेहनत आहे."

"मग तुमच्या मेहनतीनं माझं नाव कशाला घेतलं?"

मोहनरावांनी पिशवीचं तोंड आवळलं. त्यांनी विचारलं, "महाराजांचं आणि तुझं काही वाकडं आहे का?"

"मामांना साखर होती, बीपी होतं." ती सासऱ्यांना मामा म्हणायची. "महाराजांनी गोळ्या बंद करायला लावून अंगारा चालू केला. मला कळलं तवा मी अंगारा मोरीत ओतला. मामा बेशुद्ध पडले तर मीच गाडीत घालून बारामतीला घेऊन गेले. उशीर झालावता. आता लोकांनी विचारायच्या आधी महाराजांनीच विचारून टाकलं, जीव कुणी घेतला म्हणून."

"थोडे दिवस माहेरी का जात नाहीस?"

"गेले तर काटा खरा ठरला. अन् गाईंच्या धारा कोण काढंल?"

"विजयसिंह काय म्हणतो?"

रेश्मानं किटली उपडी घातली. "ते आईंचं मन मोडत न्हाईत. मला धूर दिलेला चालंल त्यांना."

घरी येऊन मोहनरावांनी मीटर उघडला. तार शाबूत, पट्टी शाबूत. आत एक इवलंसं कायमचं लोहचुंबक असतं, काट्याला शून्यावर धरून ठेवणारं. त्याचं बळ बिघडलं होतं. असं ते आपलं आपण बिघडत नाही. त्याच्याहून दांडगं लोहचुंबक पुन्हा पुन्हा जवळ आलं तरच ते खोड धरतं. मोहनरावांनी जुन्या लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक काढून काचेसमोर धरलं. काटा डावीकडे गेला. उलटं करून धरलं, उजवीकडे गेला. आप्पासाहेब बारामतीतही आले होते, आणि अगदी शाळेतल्या पोरासारखे शहाण्यासारखे वागत होते.

म्हणजे युक्ती कळली. पण लाउडस्पीकरचं लोहचुंबक बशीएवढं. महाराजांचे हात तर रिकामे, दुधानं धुतलेले. पिशवीत मावेल इतकं बारीक आणि तरी एवढं दांडगं लोहचुंबक त्यांना खेड्यात मिळालं कुठं? मोहनरावांनी रेश्माला फोन लावला.

"रेश्मा, बोटाएवढं, पण खूप जोरदार लोहचुंबक तुमच्या भागात कुणाकडे असतं का?"

 पलीकडे ती हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नसावं.

"सर, आमच्या निम्म्या गाईंच्या पोटात हाय."

मग तिनं समजावून सांगितलं. गाय चाऱ्याबरोबर तारेचा तुकडा, खिळा काहीही गिळते. तो आत टोचून काळजापर्यंत गेला की गाय मरते. म्हणून तिला बोटाएवढं लोहचुंबक गिळायला देतात. ते जन्मभर पोटात राहतं आणि लोखंड आपल्याजवळ धरून ठेवतं. नवीन गाय घेतली की आधी तिच्या बरगडीशी होकायंत्र धरायचं. सुई फिरली तर पोटात लोहचुंबक आहे, दुसरं द्यायची गरज नाही.

"आणि महाराज व्हायच्या आधी," ती म्हणाली, "हे सोपाननाथ मोटरसायकलवर जनावरांची औषधं विकत हिंडायचे. निमगाव केतकीच्या बाजारात बसायचे. आमच्या दारात पण आलेत."

"हे आधी का नाही बोललीस?"

"तुमी आधी लोहचुंबक कुठं म्हणालात?"

मोहनरावांनी मग एक फार हुशारीचा बेत केला. सांगायचं म्हणजे, तो त्यांना फार हुशारीचा वाटला. मीटरच्या पोटातलं यंत्र काढून त्यांनी खिशात ठेवलं आणि काटा नुसता पितळी खिळ्यावर शून्यापाशी घट्ट बसवला. पितळेला लोहचुंबकाची ओढ नसते. महाराज पिशवी ओवाळत बसतील, काटा हलणार नाही, फजिती होईल, लोक घरी जातील. मोहनराव त्या रात्री शांत झोपले.

अमावस्येला सांजच्याला शेडीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मोटारीपाशी लोखंडी घमेलं मांडलं होतं, त्यात गोवऱ्यांचे निखारे, आणि शेजारी सुपात सुक्या लाल मिरच्या. मिरच्या अजून निखाऱ्यावर पडल्या नव्हत्या तरी जवळच्यांना ठसका लागत होता. रेश्माला नवं लुगडं नेसवून आणलं होतं, सणाला आणावं तसं. विजयसिंह मोटारीचं दार धरून उभा होता आणि दाराच्या मुठीकडे बघत होता.

मोहनरावांनी मीटर जागेवर बसवला आणि ते बाजूला झाले.

महाराजांनी हात धुतले, तळवे दाखवले, पिशवी ओवाळली. "आप्पासाहेब, सूनबाई आल्यात."

काटा हलला नाही.

महाराजांनी पिशवी जवळ नेली. आणखी जवळ. काचेला टेकवली. काटा पितळी खिळ्यावर मुनीसारखा बसून राहिला. महाराजांच्या कपाळावर घाम आला. मोहनरावांनी आनंदानं पायाची बोटं चपलेत मुडपली.

मग महाराज हळूच मागं वळले. त्यांचा आवाज आणखी खाली गेला होता.

"आप्पासाहेब हिचं तोंड बघायला बी तयार न्हाईत," ते म्हणाले. "आता इलाज न्हाय. बसवा आत."

गर्दीतून एक सुस्कारा गेला, उसाच्या पाल्यातून वारा जावा तसा. काटा हलला तेव्हा रेश्मा दोषी होती. आता तो हलला नाही, म्हणून ती जास्त दोषी होती. मोहनराव गर्दीतून वाट काढत पुढं सरकले. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात त्यांनी प्रयोग फसलेले पाहिले होते, पण फसलेल्या प्रयोगात कुणी जिवंत माणूस बसवलेलं नव्हतं.

"थांबा," ते ओरडले. "काटा मी बांधून ठेवलाय. आत यंत्रच नाही. लोहचुंबकाचा गुणधर्म असा असतो की..."

"मास्तर, शाळा सुटली," फेटेवाला म्हणाला आणि त्यानं त्यांना मागं ढकललं.

कौसल्याबाईंनी सुपातल्या मिरच्या ओंजळीत घेतल्या. एकीनं रेश्माचा दंड धरला.

"बसते की," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच बहुधा सगळे गप्प झाले. "मी बसते आत. पण आधी एक तपासणी करू द्या. नवीन जनावर दावणीला बांधायच्या आधी करतो, ती."

तिनं कमरेला खोचलेलं होकायंत्र काढलं. जमलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी तसं होकायंत्र होतं. ते तिच्या हातात बघून दोघातिघांच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण त्यांना ते आणि गाय एकत्र बघायची सवय होती.

ती महाराजांजवळ गेली आणि त्यांच्या डाव्या बरगडीशी होकायंत्र धरलं. सुई स्थिर. "पोटात न्हाय," ती म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

महाराज एक पाऊल मागं सरले. "बाईमाणसानं अमावस्येला अंगाला शिवू न्हाय."

ती पुढं झाली. होकायंत्र भंडाऱ्याच्या पिशवीजवळ आलं आणि सुई गरकन फिरून पिशवीकडे तोंड करून उभी राहिली. तिनं ते गर्दीकडे धरलं. पुढच्या ओळीतल्या सगळ्यांना दिसलं.

बिरू पुढं आला. याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. बिरू आता दुधाचा टेम्पो चालवायचा आणि या वेळी दूध न्यायला आला होता. "महाराज, पिशवी द्या."

"भंडाऱ्याला हात लावू नका. भस्म व्हाल."

"भंडारा आमच्या बिरोबाचा हाय," बिरू म्हणाला. "आमी यात्रंला त्यात न्हातो. आजवर कोण भस्म झालं न्हाय."

त्यानं पिशवी ओढून घेतली आणि तोंड सोडून उपडी केली. भंडारा जमिनीवर सांडला, आणि त्यातून बोटाएवढं काहीतरी काळं खाली पडता पडता वाकडं होऊन घमेल्याच्या काठाला जाऊन चिकटलं. टण्ण असा आवाज झाला. ज्या घमेल्यात रेश्माच्या नावाच्या मिरच्या पडायच्या होत्या, त्याच घमेल्याला.

 ओळखायला कुणाला वेळ लागला नव्हता. यातल्या कितीतरी माणसांनी ही वस्तू स्वतःच्या हातानं गाईच्या घशात सारली होती.

"आयला," अंथुर्ण्याचा म्हातारा म्हणाला, "हे तर आमच्या कालवडीला घातलंय."

"आप्पासाहेबांनीच ते आत ठेवलं असंल," महाराज म्हणाले. "आत्म्याला काय अशक्य..." पण त्यांचं बोलणं कुणी ऐकत नव्हतं. ते लोहचुंबकाकडे बघत होते.

मोहनरावांनी डॅशबोर्डातून मीटर काढला, खिशातलं खरं यंत्र त्यात परत बसवलं आणि मीटर बॉनेटवर ठेवला. मग घमेल्याचं लोहचुंबक काढून त्यांनी ते कौसल्याबाईंसमोर धरलं. कौसल्याबाईंच्या ओंजळीत अजून मिरच्या होत्या.

"त्या खाली ठेवा आणि हे धरा. जवळ न्या. आता नाव घ्या."

"कुनाचं?"

"तुमचं स्वतःचं."

"कौसल्या," त्या पुटपुटल्या. काटा सरळ उणेच्या टोकाला गेला.

त्या दचकल्या. मोहनराव म्हणाले, "आता हातातलं उलटं करा आणि पुन्हा घ्या."

काटा अधिककडे गेला. कौसल्याबाईंनी तो बराच वेळ पाहिला. एकदा इकडे, एकदा तिकडे. लोहचुंबक त्या उलटसुलट करत होत्या आणि काटाही तसाच फिरत होता.

"आई," रेश्मा म्हणाली, "मामांच्या गोळ्या कुणी बंद केल्या, ते पण विचारा त्याला."

ते विचारायला काट्याची गरज नव्हती. कौसल्याबाईंनी लोहचुंबक बॉनेटवर ठेवलं आणि महाराजांकडे पाहिलं. मग त्या मोटारीच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

महाराज आपल्या मोटरसायकलीकडे निघाले. तिच्यामागं बिरूचा टेम्पो उभा होता. बिरूनं मोटरसायकलीची चावी काढून खिशात टाकली. "टेम्पोत बसा जरा, पोलीस येस्तवर. याच्यावर कायदा हाय म्हणत्यात. भ्या नगा, तुमच्यासाठी काचा उघड्या ठिवतो."

मग मोहनराव बोलले. त्यांना बोलायचंच होतं, पण या वेळी गुणधर्मापासून त्यांनी सुरुवात केली नाही.

"अंधारात चमकणारे आकडे मी रंगवलेत. रंग बारामतीच्या दुकानात मिळतो. काट्यामागचं लोहचुंबक तुमच्या गाईच्या पोटातलं. यात आप्पासाहेब कुठंच नव्हते. काटा हलला याचा अर्थ एवढाच, की काट्याजवळ काहीतरी हललं. काय हललं, ते वाकून बघायचं. उसाची गाडी काट्यावर चढते तेव्हा तुम्ही बघता ना, तसं. मघाशी माझी हुशारी फसली. ही पोरगी वाचली ती होकायंत्रामुळं, आणि होकायंत्र धरायची हिंमत तिच्यात होती म्हणून. उद्या दुसरा कुणी येईल, त्याच्याकडे लोहचुंबक नसेल, निराळं काही असेल, आणि ते मलाही ओळखू येणार नाही. म्हणून युक्ती सापडायची वाट बघू नका. गोळ्या बंद करा म्हणणारा देवमाणूस नसतो. आणि जे सत्य काढायला बाईला धुरात कोंडावं लागतं, ते सत्य नसतं. एवढं कळायला यंत्र लागत नाही, मास्तर लागत नाही. आपलं डोकं आपल्याच खांद्यावर आहे. ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही."

ते थांबले. बोलणं चांगलं झालं होतं, आणि टाळ्या पडल्या तर कसा चेहरा ठेवायचा तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. टाळ्या पडल्या नाहीत. लोक जमिनीकडे बघत होते. एकानं पायानंच निखाऱ्यावर माती लोटली.

विजयसिंहनं अखेर मोटारीचं दार सोडलं. तो रेश्माजवळ गेला आणि तिच्या हातातलं होकायंत्र घ्यायला त्यानं हात पुढं केला.

"तुमी ऱ्हाऊ द्या," रेश्मा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत होते. आता ती रडेल, शिव्या देईल, का घर सोडून जाईल, याची वाट बघत होते. तिनं नव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला, बॉनेटवरचं लोहचुंबक उचललं आणि बादलीत बुडवून त्याचा भंडारा धुऊन काढला. मग ती मोहनरावांकडे वळली.

"सर, बोलून झालं असंल तर जरा गोठ्यात येता का? एक गाय सकाळपासनं चारा तोंडात घेईना, तार गिळली असंल. तिचं तोंड तेवढं उघडून धरायचंय."